हिंगाचा वास घालवायला

गुरुवारी संध्याकाळी प्रमोदिनी ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या आपल्या घरात शिरली आणि बूट काढायच्या आतच तिचे डोळे चुरचुरायला लागले. ब्लीचचा नुसता भपकारा सुटला होता. नऊ वर्षांची ईशा नाक दाबून सोफ्यावर बसली होती. "आई, द हाउस स्मेल्स लाइक द पूल्स," ती म्हणाली. लाँड्रीत जाऊन बघते तो ईशाला तान्हेपणी ज्यात आंघोळ घालत तो टब मध्येच मांडलेला, आणि त्यातल्या पिवळट पाण्यात गंधारचा दोर वेटोळं घालून पडलेला. शेजारी ब्लीचच्या दोन रिकाम्या बाटल्या.

दोर कपडे वाळत घालायचा असता तर तिने एक सुस्कारा सोडून खिडकी उघडली असती. पण याच दोरावर तिचा नवरा शनिवार-शनिवार जमिनीपासून सहा मीटर उंच लटकत असे.

गंधार ऑफिसात सॉफ्टवेअर लिहीत असे आणि घरी शिकारी होता. पुण्यात असताना पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारा हा माणूस ऑकलंडला येऊन सहा वर्षं झाल्यावर हरणं मारायला लागला. त्यातही इथले लोक मारतात तशी नाही. इथला माणूस बंदूक घेऊन डोंगर तुडवतो. गंधारला ते दमवणारं वाटलं. त्याने इंटरनेटवर अमेरिकेतल्या लोकांचा एक फोरम शोधून काढला. तिथली मंडळी कमरेला सॅडल नावाचा रुंद पट्टा बांधतात, तो दोराने खोडाला अडकवतात आणि झाडावर मागे रेलून, लोंबकळत, हरणाची वाट बघतात. गंधारने तसे दोन संच मागवले. एक स्वतःला, एक वेदांतला. वेदांत इथे शिकायला आलेला, आता टायरच्या दुकानात काम करणारा संगमनेरचा मुलगा. या घरी येऊन जेवायचा, गंधारला दादा म्हणायचा आणि दादाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"वास घालवतोय," गंधार लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला. "मागच्या वेळी हरिणी पन्नास मीटरवर आली, नाक वर केलं, आणि फुर्र. आपल्या घरातल्या प्रत्येक वस्तूला हिंगाचा वास येतो, प्रमोदिनी. दोराला तर हेवी येतो."

"हे तुला हरिणीने सांगितलं?"

"फोरमवर विचारलं. ढीगभर लोकांनी उत्तर दिलं."

तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. गंधारने तिथे मोठ्या प्रामाणिकपणे लिहिलं होतं की आमच्याकडे रोज फोडणी होते, तर काय करावं. खाली पहिलंच उत्तर असं की मित्रा, तुझा वास मला इथे ओहायोत येतोय. त्याखाली करीवरचे विनोद, एकापेक्षा एक नासके. बायकोला बाहेर तंबूत स्वयंपाक करायला लाव, असंही एकाने सुचवलं होतं. आणि त्या प्रत्येक विनोदाला तिच्या नवऱ्याने हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा चिकटवला होता. तिला शिसारी आली. त्या लोकांची आलीच, पण दुपारी डबाभर वरण-भात ओरपून संध्याकाळी त्या वरणावर हसणाऱ्या या माणसाची जास्त आली.

त्या घाणीत मधोमध एकाचा सल्ला होता. दोर, पट्टे, सगळं न मिसळलेल्या ब्लीचमध्ये दोन रात्री बुडवा, मग उन्हात वाळवा, काही होत नाही. सल्ल्याच्या शेवटी त्यानेच लिहिलं होतं की मी स्वतः अजून झाडावर बसलेलो नाही, पण तत्त्व सोपं आहे. उंटावरचा शहाणा म्हणतात तो याहून निराळा काय असतो! दोनशे चौदा लोकांना ते आवडलं होतं.

आता पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते ऐका. प्रमोदिनीची नोकरी शहरातल्याच माउंट वेलिंग्टन भागात, आणि काम काय, तर छपरांवर आणि मनोऱ्यांवर चढणाऱ्या कामगारांचे पट्टे आणि दोर तपासणं. अकरा वर्षं ती हेच करत होती. ब्लीच नायलॉनला आतून खातं हे तिला झोपेत विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण तिला झोपेतही कुणी विचारलं नव्हतं आणि जागेपणीही नाही.

"हा दोर मेलाय," ती म्हणाली.

"अगं, तुमच्याकडे सगळं ओव्हर-सेफ असतं. कंपन्यांना नवीन दोर विकायचे असतात. बघ ना, तसाच आहे, उलट स्वच्छ दिसतोय. पाहिजे तर शेपटीकडचा तुकडा ने आणि तुझ्या मशीनवर लाव."

तिने नेला. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत यंत्रावर ताणून बघितला. जो दोर दोन टनांच्या पुढे तुटायचा, तो साडेतीनशे किलोला तुटला. फट्‌ असा आवाजही झाला नाही, ओल्या पापडासारखा विरून गेला. शांत बसलेल्या माणसाचं वजन तो पेलेल. पण खोडाला आवळलेल्या पायरीवरून पाय सटकला, माणूस हातभर खाली येऊन हिसका बसला, की खेळ खलास. तिने मोबाइलवर व्हिडिओ काढला.

घरी येऊन तिने तो गंधारला दाखवला. त्याने दोनदा बघितला, "हं" म्हणाला, आणि फोरमवर टाकला. तिला वाटलं, चला, शहाणपण सुचलं. जेवणं होईपर्यंत तिथे निकाल लागला होता. यंत्र चुकीचं लावलंय. गाठ चुकीची आहे. बाईला दोर धरता येत नाही. गंधार ते तिला वाचून दाखवायला लागला, अगदी चवीचवीने, शेजारच्या घरातलं भांडण सांगावं तसं.

प्रमोदिनी उठली. तिच्या कामाच्या जागी एक नियम आहे. नापास झालेली वस्तू तिथल्या तिथे कापायची. बाजूला ठेवायची नाही, 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावायची नाही, कारण 'अजून चालेल की' म्हणणारा कुणीतरी निघतोच. तिने स्वयंपाकघरातली मोठी सुरी घेतली आणि दोराचे हात-हात लांबीचे तुकडे केले. 

"आणि वेदांतचा?" तिने विचारलं. "त्याचाही धुतलास ना?"

"सोमवारीच दिला धुऊन. तो बाहेर गॅरेजमध्ये बुडवला होता, दोन रात्री."

"त्याला सांगितलंस?"

"सांगितलंय," गंधार म्हणाला आणि रुसून झोपायला गेला.

शनिवारी सकाळी पोहे परतताना तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने वेदांतला फोन लावला. फोन बंद. काइपाराच्या बाजूला, जिथे ते दोघे शिकारीला जात त्या शेतावर, सिग्नल मिळत नाही हे तिला माहीत होतं. म्हणजे तो तिथेच गेला होता.

"काय सांगितलंस त्याला? मेसेज दाखव."

गंधारने फोन पुढे करायला जरा वेळ लावला. शुक्रवारी रात्री साडेनऊला त्याने लिहिलं होतं: 'उद्या मी येत नाही, घरी जरा लफडं आहे. तू जा. दोर एकदा डोळ्याखालून घाल, तुझी वहिनी उगाच घाबरलीये.' पुढे तोच हसून रडणारा चेहरा.

"तुटला हे का नाही लिहिलंस?"

"अगं, त्याला काय वाटेल? मीच धुऊन दिला होता."

प्रमोदिनीने गॅस बंद केला.  एका पोराचा जीव त्या दोरावर टांगलेला, आणि याला आपली लाज झाकायची होती.  ईशाला शेजारच्या शकुमावशींकडे पोचवलं, गाडीच्या डिकीत कामावरचा अंगात घालायचा हार्नेस, एक जादा पट्टा आणि दोर आहेत हे बघितलं, आणि गंधारला म्हणाली, "जागा तुला माहितीये. बस गाडीत."

तास-सव्वा तासाने ते शेताच्या फाटकाशी पोचले. कुरणाच्या कडेला जुन्या मॅक्रोकार्पा झाडांची रांग होती. चौथ्या झाडावर, दोन मजल्यांच्या उंचीला, वेदांत पायांनी खोडाला रेटा देऊन मागे रेलला होता. त्यांना बघून त्याने हात हलवला आणि मग तोंडावर बोट ठेवलं. हरिण बिचकेल म्हणून.

"वेदांत, बंदूक रिकामी कर आणि फांदीला अडकव," प्रमोदिनी खालून ओरडली. "आता पुढे हो. झाडाला मिठी मार. पूर्ण भार पायांवर घे. मागे रेलायचं नाही."

"काय झालं, वहिनी?"

"तुझा दोर सडलाय. हलू नकोस. मी येते."

त्याने क्षणभर खाली गंधारकडे बघितलं. गंधार बुटांकडे बघत होता. मग वेदांतने झाडाला मिठी मारली ती अशी की त्याच्या गालावर साल रुतली.

तिने हार्नेस चढवला, आपला दोर खोडाभोवती घेतला आणि खोडाला आवळलेल्या पायऱ्यांवरून चढायला लागली. दर पायरीला दोर वर सरकवायचा, मग पाय. घाई करून चालणार नव्हतं. ती वर पोचली. तिने त्याच्या डोक्यावरच्या फांदीला दुसरा दोर बांधला, आणलेला जादा पट्टा त्याच्या काखेखालून घेऊन त्यात अडकवला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. "आता तू माझ्या दोरावर आहेस," ती म्हणाली. "एक-एक पायरी. मी खाली, माझ्या मागून तू. दोर मी सोडत जाईन."

तिसऱ्या पायरीवर त्याचा डावा पाय सटकला. त्याचं सगळं वजन गचकन तिच्या पट्ट्यावर आलं आणि तो तिथेच अधांतरी झुलला, जेमतेम हातभर. जुना दोर अजून कमरेच्या सॅडलपासून खोडाला अडकलेलाच होता, त्याच्याबरोबर खाली सरकत आला होता. तोही ताणला गेला आणि त्याचे दोन पदर सुटून बाहेर आले. वेदांतने ते बघितलं. त्याने दोन्ही हातांनी तिचा दोर घट्ट धरला.

जमिनीवर आल्यावर तो गवतात बसला आणि उठेना. प्रमोदिनीने तो दोर तिथेच कापला. मग तिने त्याला पाणी पाजलं, त्याची बंदूक उतरवून आणली, आणि त्याला आपल्या गाडीत मागे बसवलं. गाडी गंधारने घेतली. ती शेजारी बसली.

हमरस्त्याला लागल्यावर सिग्नल आला आणि गंधारचा फोन वाजायला लागला. थांबेचना. तिने तो हातात घेतला. गंधारने शेतावरच लिहून ठेवलेली पोस्ट सिग्नल येताच फोरमवर गेली होती, तिच्यात फोटो होता. खालून वर काढलेला. त्यात झाडाला चिकटलेला वेदांत होता आणि चौथ्या पायरीवर तीही होती, पाठमोरी. फोटोखाली गंधारने लिहिलं होतं: दोन रात्री ब्लीच, पंच्याऐंशी किलोचा माणूस, चार तास. दोर टिकला.

"मी वर चढत असताना तू फोटो काढत होतास?"

"टिकला ना पण?" गंधार म्हणाला. "हे खरंच आहे की नाही? यंत्रावरचं वेगळं आणि रिअल लाइफ वेगळं."

मागच्या सीटवरून वेदांत एवढंच म्हणाला, "दादा, गाडी नीट चालव." त्याने यापूर्वी दादाला कधी असं काही सांगितलं नव्हतं.

प्रमोदिनीने गंधारच्याच नावाने तिथे लिहिलं. वाक्यं जुळवायच्या भानगडीत पडली नाही. मी चुकलो. दोराचे पदर सुटले. माझा मित्र बायकोच्या दोरामुळे वाचला. ज्याने ज्याने ब्लीच वापरलंय त्याने आत्ता दोर कापून टाकावा. ते पाठवलं आणि ती वाट बघत बसली.

दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं. फोन बायकोच्या हातात गेलेला दिसतोय, मित्रा, हिंमत धर. त्याला बारा जणांनी हसून दाद दिली. तिने ते मोठ्याने वाचलं. गंधारच्या ओठांचा कोपरा हलला. त्याने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तिला ते दिसलं, आणि या माणसाबरोबर एका ताटात जेवायचं तरी कसं असं तिला वाटलं.

मग अजून एक उत्तर आलं. यात विनोद नव्हता, उलट बरीच आपुलकी होती. 'फोटोबद्दल आभार. कापायचं म्हणशील तर उशीर झाला, माझा आणि भावाचा दोर कालपासून ब्लीचमध्येच आहे, उद्या पहाटे निघतोय. पण बायकोला सांग, काळजी नको. तुमचा टिकला की.'

प्रमोदिनीने त्याच्या नावावर बोट दाबलं. नावाच्या जागी नुसते आकडे होते, चेहऱ्याच्या जागी शिंगांचं चित्र, आणि गावाची ओळ कोरी होती. "गाडी थांबव," ती गंधारला म्हणाली, पण थांबवून जायचं कुठे हे तिलाही माहीत नव्हतं.