घाटाच्या अलीकडे

“उचला काका. चिमूटभर भंडारा कपाळाला लावायचा आन् म्हणायचं, मत राजनंदिनी वैनींना. झालं की!” आदर्शनं पितळेची थाळी बाळासोंच्या नाकासमोर धरली.

आंबा घाट सुरू व्हायच्या अलीकडे, एका देवळापाशी सहलीची गाडी थांबली होती. चहा झाला, पाय मोकळे झाले, सगळे परत जागेवर बसले आणि मग वैनींचा हा हसतमुख कार्यकर्ता थाळी घेऊन वर चढला. पुढच्या बायकांनी पटापट कपाळं पिवळी करून घेतली. बाळासो मात्र बसल्या जागी अवघडले.

उभा जन्म त्यांनी शहराची बस चालवली. रंकाळ्यापासून शिरोली एमआयडीसीपर्यंत आणि परत. अख्खं कोल्हापूर पाठीमागे बसून गेलं, पण शालूबाईंना समुद्र दाखवायचा राहिला. लग्नाच्या नव्या नवलाईत कबूल केलं होतं. रजा मिळाली की पोरांच्या परीक्षा, आणि पोरं मार्गी लागली तेव्हा बाईचे गुडघे गेले. त्यामुळे राजनंदिनी वैनींची गणपतीपुळ्याची सहल जाहीर झाली तेव्हा शालूबाईंनी ठेवणीतलं इरकल उन्हात घातलं. बाळासो तिथेच विरघळले.

अडचण एकच होती. वर्षानुवर्षं रखडलेली महापालिकेची निवडणूक एकदाची लागली होती. इतके दिवस नगरसेवकच नसल्यामुळे गटार तुंबलं तरी शिव्या घालायला हक्काचं माणूस नव्हतं! वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव झाली आणि वैनींच्या विरोधात तालीम मंडळानं गल्लीतल्या वर्षाराणीला उभं केलं. महापुरात या पोरीनं तालमीत चूल मांडून सगळ्यांना जेवू घातलं होतं. “आमच्या घरातली मतं तुझीच,” असं बाळासोंनी बैठकीत चारचौघांत सांगितलं होतं.

सहल म्हणजे सहल आणि मत म्हणजे मत, असा त्यांचा साधा हिशेब. भंडाऱ्याचा विचार डोक्यात आलाच नाही. राजकारणात मुरलेल्या पेठेत राहून माणूस इतका भाबडा राहू शकतो, याचं नवलच करायला हवं.

“आदर्शा, मी शब्द दिलाय रे तिकडं.”

“मग तिकडच्याच गाडीनं जायचं की, काका.” आदर्श अजून हसत होता, पण थाळी हलत नव्हती. “भंडाऱ्याबिगर फुडं कसं न्यायचं? मला बी वर जाब द्यावा लागतोय.”

बाळासोंनी शेजारी पाहिलं. शालूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. या वयात त्यांनी गजरा माळला होता. देव समजून घेईल, असं मनाशी म्हणत त्यांनी हात पुढे केला. जन्मात पहिल्यांदा खोटी शपथ घ्यायची, ती हिच्यासाठी.

शालूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ द्या. उतरा खाली.”

“अगं, पण समुद्र...”

“त्यो कुठं पळून जातोय? भंडारा लावून खोटं बोललासा, तर माझ्या तोंडाकडं कसं बघणारासा?”

आदर्शचा चेहरा उतरला. “आक्का, तसं न्हाय ओ...” म्हणत त्यानं त्यांची पिशवी तेवढी खाली आणून दिली. गाडी निघून गेली.

“माझ्यामुळं झालं सगळं,” बाळासो म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. पिशवी उचलून ते रस्ता ओलांडायला लागले.

“तिकडं कुठं?”

“कोल्हापूरची यष्टी त्या बाजूला थांबती.”

“थांबू दे की.” शालूबाई हलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं रत्नागिरीची एसटी येताना दिसली, तेव्हा त्यांनीच हात वर केला.

“कुठे जायचंय?” कंडक्टरनं विचारलं.

“समुद्राला,” शालूबाई म्हणाल्या.

“समुद्राला स्टॉप नाही, मावशी. रत्नागिरी देऊ?”

“द्या दोन.”

घाटाच्या पहिल्या वळणावर बाळासोंचा उजवा पाय आपसूक खाली दाबला गेला. दुसऱ्या वळणावरही. पायाखाली ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. शालूबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“सोडा की आता. त्यो चालवतोय न्हवं?”

त्यांनी पाय मागे घेतला आणि रस्त्यावरची नजर काढून ते शालूबाईंच्या खांद्यावरून बाहेरची दरी बघायला लागले.