जुन्या मोटारीचा नवा मेंदू

“काय गं, घसा बसला का आज?”

मित्रांनो, हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले त्याला आता खूप वर्षं झाली. मी एक जुनी मोटार आहे. चार दारांची, निळी. म्हणजे एके काळची निळी. आता तो रंग दारांच्या कडांना तेवढा उरला आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला कोणी काही विचारलं नाही. चाकं बसवली, काचा बसवल्या, डॅशबोर्डच्या मागे एक चपटी पेटी बसवली आणि दाराबाहेर ढकललं. ती पेटी म्हणजे माझा मेंदू. पेट्रोल किती प्यायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं ती ठरवायची. मी सांगितलं तसं करायचे. पण “काय होतंय तुला?” असं माणसाला विचारावं तसं मला विचारलं ते बाबांनी.

बाबा म्हणजे माझे मालक. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. घराला लागूनच त्यांचं गॅरेज होतं. गाडी आली की बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे आणि नुसतं उभं राहायचं, ही त्यांची रीत. माणसं मागे कुजबुजायची, “झोपले की काय?” तेवढ्यात बाबा डोळे उघडून म्हणायचे, “तिसरा प्लग काढ.” आणि तिसराच प्लग गेलेला असायचा. त्या कानाची कीर्ती चार गावं ओलांडून गेली होती. मी दारात उभी असायचे आणि उगाचच फुशारायचे.

लेक तेव्हा एवढीशी होती. बाबांच्या शेजारी तीही डोळे मिटून उभी राहायची. तिला काय ऐकू यायचं कोण जाणे. बहुतेक वेळा ती उभ्याउभ्याच पेंगायची आणि माझ्या मडगार्डवर डोकं आपटून घ्यायची.

मग एक दिवस बाबांनी गॅरेजचं शटर ओढलं. “गुडघे धरतात,” म्हणाले. “आता वाकवत नाही.”

मला काही कळलं नाही. त्याच आठवड्यात त्यांना मी जिन्यावरून पाण्याची बादली नेताना पाहिलं होतं.

त्यानंतरचे दिवस कसे सांगू? अंगणात उभी होते, उभीच राहिले. माझ्या टपावर चादरी वाळल्या. मागच्या सीटवर मांजर व्याली. ओल आत शिरली आणि हळूहळू ती चपटी पेटी कुजली. एके दिवशी किल्ली फिरवली तर मला हूं की चूं करता येईना. तशी पेटी आता कुठेच बनत नव्हती. भंगारवाला येऊन माझ्याभोवती एक फेरी मारून मला पाहूनही गेला.

वाचवलं ते लेकीने. ती आता मोठी झाली होती. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायची, तारांशी तिची गट्टी होती. तिने माझ्यासाठी नवा मेंदू आणला. हा काही माझ्या जातीचा नव्हता. कुठल्याही इंजिनाला बसेल असा, हवं ते शिकवता येईल असा.

“कशाला एवढी उठाठेव?” आई म्हणाली. ती दारात भाजी निवडत बसली होती.

“गाडी सुरू झाली ना आई, की बाबा पुन्हा गॅरेज उघडतील बघ. माणूस नुसता टीव्हीपुढे बसून गंजतोय.”

“तुझे बाबा? हाक मारली तर ओ द्यायचा नाही, ही त्यांची जुनीच खोड. आणि त्या टीव्हीवरच्या बातम्या चौकापर्यंत ऐकू जातात. गंजणारा माणूस एवढा आवाज करत नाही.”

मित्रांनो, नवा मेंदू बसवणं म्हणजे नुसती पेटी बदलणं नव्हे. लेकीने एकेक तार शोधली, खूण केली, जोडली. पण त्या पेटीत माझ्याबद्दल काहीच नव्हतं. होता तो एक कच्चा अंदाज, कुठल्याशा अनोळखी इंजिनाचा. खरं शिकवणं दुसऱ्या गावच्या ट्यूनिंगवाल्या बाई करणार होत्या. त्या गाडीला रोलरवर चढवतात, जागच्या जागी पळवतात आणि कुठे किती पेट्रोल, कुठे किती ठिणगी, ते बारकाईने बसवतात.

“माझ्याकडे आणण्याआधी ती नीट सुरू होऊन शांत उभी राहिली पाहिजे,” बाई फोनवर म्हणाल्या. “ठिणगीची वेळ दिव्याने तपासा. आणि चालवत आणू नका बाई, ट्रकवर घाला. कच्च्या अंदाजावर चढ चढवलात तर इंजिन फोडून घ्याल.”

पहिली किल्ली फिरली आणि मी पुरती गोंधळले. ऊन मी म्हणत होतं, आणि नवा मेंदू म्हणत होता की बर्फ पडतोय. त्याने माझ्या तोंडात पेट्रोल ओतलं, ओतलं, ओतलं. मी खोकले, काळा धूर ओकले, बंद पडले. आई भाजीची परात उचलून आत पळाली. लेकीने कपाळावर हात मारला. तापमान मोजणाऱ्या सेन्सरची जात तिने चुकीची निवडली होती. ती दुरुस्त केली. पुन्हा किल्ली. या वेळी मी थरथरत का होईना, उभी राहिले. जुनं अंग, नवं डोकं. पाय माझे, पण पाऊल कुणाचं ते कळेना.

“बाबा, या ना बाहेर!”

बाबा आले. कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्या नाकावर तळवा ठेवला. लेकीच्या हातात ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा होता. तिने तो बघितला, बाबांकडे बघितलं आणि दिवा बाजूला ठेवून दिला.

“याची काय गरज? तुमचा कान आहे ना. तुम्ही सांगा, मी आकडा बदलते.”

ती हे किती मायेने म्हणाली, मित्रांनो. मला तेव्हा वाटलं, आता सगळं सुरळीत होणार.

ती लॅपटॉपवर आकडा बदलायची आणि विचारायची, “ठिणगी आणखी आधी घेऊ?” बाबा म्हणायचे, “घे.” माझी थरथर कमी झाली. “आणखी?” “घे थोडी.” मी भरभर फिरू लागले, अंग हलकं वाटलं. पण ठिणगी आता फारच आधी पडत होती. बाबांनी डोळे मिटले नव्हते. ते लेकीच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

“ठीक आहे,” ते म्हणाले.

दोघं मला घेऊन गल्लीतल्या चढावर निघाली. चढ लागला, माझ्यावर भार आला आणि माझ्या पोटातून आवाज उठला. डब्यात खडे खुळखुळावेत तसा, टिणटिण, टिणटिण. प्रत्येक ठिणगी माझ्या पिस्टनच्या डोक्यात हातोडा घालत होती. मी मनात म्हटलं, बाबा आता ओरडतील, पाय काढ म्हणतील.

“बाबा, हे काय वाजतंय?” लेकीने विचारलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. “पत्रा असेल,” म्हणाले.

मला काहीच समजेना. माझा घसा बसला तरी ओळखणारा माणूस, त्याला माझी किंकाळी पत्रा वाटावी? मीच बदलले होते का? नव्या मेंदूने माझी भाषाच बदलून टाकली होती का?

घरी आल्यावर लेक नुसती उडत होती. “ट्रक कशाला उगाच? उद्या घाटातून आपणच चालवत नेऊ. तुम्ही शेजारी बसा आणि ऐकत राहा. मी ट्रकवाल्याला नाही म्हणून सांगते.” आणि तिने फोन काढला.

घाट म्हणजे न संपणारा चढ. तिथे ही टिणटिण तासभर चालली, तर माझे पिस्टन फुटणार. माझ्यासारखे पिस्टन आता कोणाकडे मिळत नाहीत. मग तो भंगारवाला दुसरी फेरी मारणार नाही, थेट दोर घेऊन येईल.

मित्रांनो, मला बोलता येत नाही, म्हणून एवढं मागणं तुमच्याकडे मागते. जुन्याला नवं जोडताना घाई करू नका. दिवा हाताशी असेल तर तो वापरा, त्यात कोणाचा अपमान नसतो. आणि ज्याच्यावर फार जीव आहे, त्याला पुन्हा एकदा विचारा. “ठीक आहे” एवढ्या उत्तरावर उठून जाऊ नका.

“हॅलो,” लेक म्हणाली, “उद्याच्या ट्रकचं बोलायचं होतं.”

बाबांनी हात पुढे करून तिच्या हातातला फोन खाली केला.

“ट्रक येऊ दे.”

“का? तुम्हीच म्हणालात ना, ठीक आहे म्हणून?”

“हाताला ठीक लागलं, म्हणून म्हणालो.” बाबांचा तळवा पुन्हा माझ्या बॉनेटवर होता. “हाताला थरथर कळते गं. पण चढावर तू विचारलंस, तो आवाज मला आलाच नाही. बारीक आवाज येतच नाहीत मला, बरेच दिवस झाले. गॅरेज त्यासाठीच बंद केलं. कोणाला सांगायची हिंमत झाली नाही.”

लेकीने फोन बंद केला. माझं इंजिन गार होत होतं, तेवढीच टिकटिक चालली होती.

“तुला आला ना तो?” बाबांनी विचारलं. “मग सांग मला. कसा होता?”