दहाव्या पायरीखाली

"मावशी, अहो, नवव्या पायरीपर्यंत सगळं नीट आहे ना? मग दहाला काय धाड भरली?"

साहेब तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. सगळं ऑफिस मावशी म्हणतं, म्हणून तेही म्हणत.

काय धाड भरली ते मावशीला कळत नव्हतं. हॉस्पिटलातल्या औषधाच्या पंपाची माहिती ती लिहीत होती. कोडच्या फाइलमध्ये साधे शब्द, आकडे आणि मोकळ्या जागा टाकायच्या; पान मशीन बनवतं. पोटपायरी आत घ्यायची तर आधी तीन स्पेस. नऊपर्यंत सगळ्या पोटपायऱ्या शहाण्यासारख्या आत बसल्या. दहाखालच्या मात्र

१०. दिवा पाहा. लाल असेल तर:
११. औषध थांबवा.
१२. नळी काढा.

बाहेर. रांगेत. आईचा हात सोडलेल्या पोरांसारख्या.

पुसलं. लिहिलं. मोजलं. तीन. पुन्हा मोजलं. तीनच.

"आत काय, बाहेर काय! पाचला पान हॉस्पिटलांना जायला हवं."

"दिवा हिरवा असला तरी नर्स औषध थांबवेल, साहेब."

"एवढं कळतं हो त्यांना."

कळतं? मग इतकी वर्षं आपण कोणासाठी लिहितोय?

साहेब जागेवर गेले. मावशीनं स्क्रीनला बोट लावलं. नवाचा आकडा, टिंब, जागा. तीन घरं. दहाचे आकडेच दोन. टिंब, जागा.

चार.

पोटपायरी वरच्या ओळीच्या पहिल्या अक्षराखाली उभी राहते. तीन कुठून आले होते? कोणी सांगितले होते? तिनं चौथी स्पेस मारली. दोन्ही पोटपायऱ्या आत गेल्या.

"अगं बाई! एवढ्यासाठी?"

ती धावतच साहेबांकडे गेली.

"पान गेलं, मावशी. होतं तसंच पाठवलं. आता पुढच्या वेळी."

"पुढची वेळ कधी?"

"सहा महिने तरी."

सहा महिने. किती नर्सा? किती हिरवे दिवे? हिशेब लागेना. तिनं शेजारची खुर्ची ओढली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली.

"हे काय?"

"बसते. पान परत मागवा."

"अहो, घरी जायचंय मला!"

"जा की. मी इथंच आहे."

साहेबांनी बॅग खांद्याला लावली. वाट अरुंद होती. मावशीनं गुडघे बाजूला घेतले, त्यांना जाता यावं म्हणून.