चौथ्या खाटेवरचा फुगा

तातडीच्या विभागातल्या मामांची नोकरी एकतीस वर्षांची, आणि त्यातली निदान दहा तरी त्यांनी गप्पा मारण्यात घालवली असावीत. पेशंटच्या नाडीवर एक हात आणि तोंडात एक किस्सा, अशी या नर्सची ख्याती. खोटं ते बोलत नसत; फक्त खऱ्यात जरा पाणी घालून वाढत. गांजा चढून आलेल्यांचे किस्से तर त्यांनी असे पोसले होते की दर वर्षी त्यांचं वजन वाढे. एका ट्रकड्रायव्हरने म्हणे सहा तास खाटेची कड सोडली नाही. अख्खी इमारत रिव्हर्समध्ये चाललीय आणि ब्रेक आपल्याच पायाखाली आहे, अशी त्याची खात्री होती. एका शाळेच्या बाईंनी सलाइनच्या स्टँडांची हजेरी घेतली, दोन स्टँड गैरहजर निघाले, आणि तिसऱ्याने, मामा शपथेवर सांगत, त्यांच्या वतीने माफी मागितली.

"गांजा काय करतो?" नव्या नर्सना ते शिकवत. "माणूस मुळात असतो तसाच करतो, फक्त दुप्पट. हसरा हसत सुटतो, भित्रा 'मेलो मेलो' करतो, आणि खादाड सगळं खाल्लेलं परत देतो. आपण बीपी बघायचं, पडदा ओढायचा, आणि हवा उतरायची वाट बघायची."

त्यासाठी त्यांची एक खूण होती. असा पेशंट आला की केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक फुगा, खाली लोंबती दोरी. फुगा दिसला की डॉक्टर समजत, इथे घाई नाही. ही खूण वर्षानुवर्षं चालली, कारण वर्षानुवर्षं ती खरी ठरत गेली. घात झाला तो तिथेच.

एका दुपारी सव्वा वाजता एका छापखान्यातून एकदम चार जण आले. छापखान्याच्या मुद्रितशोधकाचा निवृत्तीचा समारंभ होता, आणि डिझायनरने घरून चॉकलेट केक करून आणला होता. त्यात काय घातलं होतं ते त्याने दारातच सांगून टाकलं. "गंमत म्हणून हो! थोडासाच..." एवढं बोलून तो बादलीत वाकला.

पहिल्या खाटेवर मॅनेजरबाई. नाडी एकशे चाळीस, डोळे छताला. "मी गेले. माझ्या यजमानांना सांगा, कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यात आहे." दुसऱ्यावर डिझायनर आणि त्याची बादली. तिसऱ्यावर पुस्तकं बांधणारा बाइंडर, पिंपासारखा माणूस, मॅनेजरबाईंची किल्ली ऐकून हसता हसता खाटेवरून खाली आलेला. आणि चौथ्यावर खुद्द सत्कारमूर्ती. छापखान्यात त्यांना वेलांटीकाका म्हणत. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका धरून त्यांचे डोळे बारीक झाले होते. ते शांत पडून होते.

"काय काका, कसं वाटतंय?" मामांनी विचारलं.

काकांनी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहिलं, ओठ जुळवले आणि म्हणाले, "शाई."

बाइंडर फुटलाच. "शाई प्यायचीय! चाळीस वर्षांची तहान आहे, मामा!" मामाही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. उद्याचा किस्सा त्यांना आयताच मिळाला होता. त्यांनी चौथ्या कागदावर फुगा काढला. त्या दिवशी तो जरा जास्तच गोल आला.

काकांच्या सोबत आलेल्या बायकोने मामांची बाही धरली. "भाऊ, हे चुकीचा शब्द बोलत नाहीत हो. झोपेतसुद्धा नाही."

"वहिनी, आज या चौघांचेही शब्द उडालेत. संध्याकाळी खाली येतील. तुम्ही चहा घ्या बघू."

त्या गेल्या नाहीत. खाटेशेजारी उभ्याच राहिल्या. मधे एकदा त्या म्हणाल्या, "यांनी हात हलवला नाहीये." मामा मॅनेजरबाईंना श्वास मोजून द्यायच्या गडबडीत होते. "झोपू द्या," ते वळूनही न बघता म्हणाले. डॉक्टर मॅडम दोनदा फेरीला आल्या. पहिल्या खाटेचा ईसीजी त्यांनी दोन्ही वेळा वाचला. चौथ्या खाटेचा फक्त फुगा वाचला.

सव्वापाचला बाइंडरची हवा उतरली. तो उठून बसला, डोकं खाजवलं, आणि शेजारी बघून म्हणाला, "काकांना इथे का आणलंय?"

"केक तुम्ही चौघांनी मिळूनच खाल्लात ना?"

"काकांनी कुठे? त्यांना शुगर आहे. त्यांचा तुकडा मी खाल्ला. माझा धरून दोन." तो ओशाळून हसला. "म्हणून तर मला एवढी चढली!"

मामांच्या हातातला केसपेपर खाली पडला नाही, की त्यांना घामही फुटला नाही. किस्सा सांगताना असलं काही ते नक्की घालत. प्रत्यक्षात ते फक्त चार पावलं चालले. चादर बाजूला केली आणि काकांचा उजवा हात वर उचलून सोडला. हात ओल्या टॉवेलसारखा पडला.

पुढचं सगळं धावत झालं. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी दिसली. "बोलणं कधी बिघडलं?" मॅडमनी विचारलं.

"साडेबाराला," वहिनी म्हणाल्या. "आभाराचं भाषण करायला उभे राहिले, तेव्हा."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग मामांकडे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं; ती वेळ पाचलाच संपली होती. त्यातले पावणेचार तास काका त्यांच्याच पंखाखाली, त्यांच्याच नजरेसमोर पडून होते. विचारायचा प्रश्न एकच होता: तुम्ही केक खाल्लात का? काकांना सांगता आलं नसतं. पण वहिनींना विचारता आलं असतं, बाइंडरला विचारता आलं असतं. मामांनी विचारलं नाही, कारण मामांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतःच सगळं लिहून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा काही न वाढवता. पेन्सिल त्यांनी कचऱ्यात टाकली. आता असा पेशंट आला की ते आधी सोबतच्यांना विचारतात: काय खाल्लं, किती, आणि खाताना पाहिलं कुणी?

काका दर गुरुवारी व्यायामाला येतात. डावीकडे काठी, उजवीकडे वहिनी. मामा वेळ काढून जिन्याशी थांबतात. मागच्या गुरुवारी वहिनीच म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशीची गंमत सांगा ना यांना. किल्लीची. यांना हसू येतं."

मामांनी सांगितली. पिठाचा डबा सांगितला, बादली सांगितली, बाइंडर खाटेवरून पडला तेव्हा शेजारच्या विभागात भूकंप समजून लोक बाहेर पळाले तेही सांगितलं. काका तोंडाच्या एका बाजूने मनापासून हसले. तिसऱ्या खाटेपाशी मामा थांबले. गोष्ट तिथून पुढे जाईना.

काकांनी डावा हात वर केला, मामांच्या गळ्याकडे, मग स्वतःच्या गळ्याकडे नेला आणि जपून, एकेक अक्षर तपासत म्हणाले, "शाई."

मामा गेले आणि पाणी घेऊन आले.