अध्यक्षांच्या नावाचा तेजोमेघ

कोपरगावजवळच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणारे यशया साळवे सर गेली कित्येक वर्षं दुपारचा डबा संपला की संगणकावर आकाशाचे करडे फोटो चाळत बसत. तारा मरायला टेकला की अंगावरची वायूची खोळ टाकून देतो. तिला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहांशी तिचा काडीचा संबंध नाही, आणि हे समजावून सांगणंही सरांनी आता सोडून दिलं होतं. आपल्या आकाशगंगेत अशा कितीतरी खोळी अजून कुणाच्या नजरेस पडायच्या आहेत. सरांच्या नजरेस आजवर पडले ते स्क्रीनवरचे डाग. नजर तेवढी गेली.

यंदा मात्र एक फिकट वर्तुळ कुठल्याच यादीत निघालं नाही. उत्तरेतल्या एका मोठ्या दुर्बिणीवाल्यांनी त्याचा प्रकाश तपासायला एक रात्र दिली, फक्त सरांनी स्वतः तिथं यायचं. दुर्बीण मिळाली, रजा मिळेना. ती कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष कल्याणराव यांच्या हातात होती.

"रजा दिली म्हना," कल्याणराव म्हणाले. "पन त्याला नाव आपलं लावायचं. निवडणूक तोंडावर हाय. गावभर फ्लेक्स करू."

"नाव नसतं साहेब, नंबर असतो."

"नंबर गाडीला असतो. नाव न्हाई तर रजा न्हाई."

भांडायचं त्राण सरांत नव्हतं. "बरं, लावू. फक्त तो मरायला टेकलेला तारा आहे, साहेब. होतं नव्हतं ते फेकून बसलाय."

कल्याणरावांचा चहा बशीतच राहिला. "अन् त्याला माझं नाव? इलेक्शनच्या वक्ताला?" मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "सर, आमच्या वैजनाथचं लावा की!"

वैजनाथ म्हणजे त्यांचा चुलतभाऊ आणि विरोधी पॅनेलचा म्होरक्या.

"निघा तुमी. आजच निघा."

सर गेले, आले. वर्णपटात ऑक्सिजनची हिरवी रेघ ठसठशीत उमटली होती. खोळ खरी निघाली. आनंद झाला असावा. झोप झाल्यावर बघू, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात फोन वाजला.

"मेला का नक्की?"

"मरतोय, साहेब."

"झ्याक! किती दिवस दिसंल अजून?"

"दहा हजार वर्षं तरी."



"म्हंजी तवर वर वैजनाथचंच नाव?"

"हो."

"सर, ते नंबराचं काय म्हनत हुता तुमी?"

सरांनी जांभई आवरली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.