चुकांची वही

उचगावच्या त्या पशुखाद्याच्या कंपनीत रोज सकाळी दहाला अमरसिंह साहेब चुकांची वही काढत. ज्याचं चुकलं असेल त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून आपली चूक वाचायची आणि खाली सही करायची. तीन सह्या झाल्या की नोकरी गेली. संयोगिताच्या दोन झाल्या होत्या.

वडिलांचे दिवस उरकून ती आजच कामावर आली होती. वही पुढ्यात सरकली, तशी ती उभी राहिली.

"वाचा की मॅडम. चष्मा घरी ऱ्हायला काय?" साहेब म्हणाले. मागं कुणीतरी हसलं.

"अकरा तारीख. न सांगता गैरहजर. माल पाठवायचा खोळंबला." तिचा आवाज तिलाच ऐकू येईना.

"मोठ्यानं."

"अकराला पहाटे वडील गेले, साहेब. मी फोन केलता. तुम्ही उचलला न्हाय."

"बरं. सही करा."

घरी आता मिळवती ती एकटीच होती. तिनं पेन उचललं, जरा वेळ धरलं आणि टोपण लावून वहीवर ठेवलं.

"वडील गेले ही माझी चूक न्हाय," असं म्हणून ती खाली बसली.

साहेब बिनसहीच्या वहीकडं बघत राहिले. टेबलाखाली तिनं एका हातानं दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता.