सूचना क्रमांक सव्वीस

"हलू नका. हललात तर तो आणखी आत जाईल, आणि मला उगाच जबाब द्यावा लागेल," ड्रेसर म्हणाला.

खुर्चीतल्या माणसाच्या खांद्यात स्क्रूड्रायव्हर होता. पिवळी मूठ तेवढी बाहेर. बसमध्ये अनोळखी माणूस डुलक्या घेत अंगावर रेलावा, तसा तो त्या मुठीकडे चिडून, पण गप्प राहून बघत होता.

अपघात विभागाच्या ड्रेसिंगच्या खोलीत ड्रेसरची चोवीस वर्षं गेली होती. रुतलेली वस्तू उपसायची नाही, डॉक्टर येईपर्यंत भोवतीने गॉज रचायचं, हा दवाखान्याचा नियम. गॉज रचून झालं की चौकशी करायची, हा त्याचा स्वतःचा.

"कुणी केलं?"

"मेहुण्यानं."

"कशावरून?"

"पंख्यावरून. मी म्हटलं दोनवर ठेव, तो म्हणे तीनवर. मग रेग्युलेटरच खोलायला बसला. मी म्हटलं, अक्कल आहे का?"

ड्रेसरने हातमोजे काढले आणि मोबाइलवर लिहिलं: 'सूचना क्रमांक सव्वीस. परक्या घरात पंख्याचा वेग बदलू नये. हातात हत्यार असलेल्या माणसाची अक्कल काढू नये. जेवलात का? बाबा.'

त्याची थोरली लेक आणि धाकटा मुलगा तीन आठवड्यांपूर्वी परदेशी फिरायला गेले होते. दोघं कमावती, दोघांची वयं मिळून त्रेपन्न. तरी विमानतळावर त्याने दोघांच्या पिशवीत आयोडीनची एकेक बाटली कोंबली होती. त्या तपासणीत फेकल्या गेल्या. तेव्हापासून टेबलावर आलेली प्रत्येक जखम सूचना होऊन त्यांच्याकडे जात होती. क्रमांक चार: जिन्यात चपलांवरून वाद नको. अकरा: गरम इस्त्री धरलेल्याला 'कर काय करायचं ते' म्हणू नये. एकोणीस: सख्खा भाऊ कुऱ्हाड घेऊन येत असेल, तर तो लाकडं फोडायला चाललाय असं गृहीत धरू नये.

येत्या रविवारी दोघं परतायची होती. पण काल दुपारपासून एकाचंही उत्तर नव्हतं. एकोणीस तास झाले. ड्रेसरच्या डोळ्यांपुढून दोन स्ट्रेचर हलत नव्हती, आणि त्यांवरची चादर उचलायची त्याची छाती होत नव्हती.

दार भिंतीवर आपटलं. पाच-सहा माणसं घेऊन मेहुणा स्वतः आला होता.

"माझा स्क्रूड्रायव्हर द्या," तो म्हणाला. "सेटमधला आहे. एक गेला की सेट वाया जातो."

"डॉक्टर आल्याशिवाय हात लावायचा नाही."

"भावोजी, सांगा ना यांना कुणाचा आहे तो."

"तुझ्या बापाचा!" जखमी माणूस ओरडला.

मेहुण्याने मूठ धरली आणि ओढली.

रक्त आधी ड्रेसरच्या चष्म्यावर उडालं, मग भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीवर. बाहेर थांबलेली भावोजींकडची माणसं आत घुसली. कात्र्या, चिमटे हवेत गेले. कुणी कुणाचं डोकं बेसिनवर आपटलं. एक दात कापसाच्या डब्यात येऊन पडला. तो कुणाचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ड्रेसरने जखमीला टेबलाखाली ओढलं आणि दोन्ही तळवे खांद्यावर रोवले. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला.

हात काढला तर माणूस जाणार. शेवटी जखमीनेच धडधाकट हाताने फोन काढून त्याच्या कानाला लावला.

"बाबा?" थोरली.

"जिवंत आहात का?"

"दोघंही आहोत. कसला आवाज येतोय हो?"

"झाडलोट चाललीय."

"बाबा, ऐका. काल आम्ही तुमच्या सगळ्या सूचना सलग वाचल्या. यातलं काहीच इथं झालं नाही हो. धाकट्याची टोपी पडली, तर एक म्हातारी दोन गल्ल्या धावत आली ती द्यायला." ती थांबली. "हे सगळं तिकडं होतंय ना? घराजवळ?"

टेबल उलटलं. ड्रेसरने तळवे हलवले नाहीत.

"मला इथं कामाचं विचारलंय. त्याचंही होईल. आज सांगायचंय. पण तुम्ही 'या' म्हणालात तर रविवारी येतो. म्हणा ना."

सलाइनचा स्टँड वरून खाली आला. तो मेहुण्यासाठी होता, पण मेहुणा वाकला. ड्रेसरची भुवई उघडली आणि उजवा डोळा लाल पाण्याने भरला. उरलेल्या डोळ्याने त्याने खोलीभर एकदा पाहिलं. तीन आठवडे तो ते एक अक्षर म्हणायचीच वाट बघत होता.

"नका येऊ," तो म्हणाला. "रविवारी मला ड्यूटी आहे."

जखमीने फोन बंद केला आणि नजर दुसरीकडे वळवली.

मग शिपाई आले, डॉक्टर आले आणि भावोजींना घेऊन वरच्या मजल्यावर गेले, माणसं पांगली. दुसरा ड्रेसर दोन वाजता येणार होता. पोलिसांची वाट बघत मेहुणा तेवढा स्टुलावर बसून राहिला, ओठ सुजवून.

ड्रेसरने हात धुतले, भिंतीवरचा आरसा काढला आणि त्याच्या हातात दिला.

"मी?"

"दुसरं कोण आहे?"

सुईत दोरा ओवायला ड्रेसरला चार खेपा लागल्या. मेहुण्याच्या हातातला आरसा सारखा कलत होता. त्यात कधी भुवई येई, कधी नुसतं छत.

"रविवारी कोण येणार होतं?" मेहुण्याने हळूच विचारलं.

"वर धरा," ड्रेसर म्हणाला, आणि पहिला टाका घातला.